एनडीएचं इंग्रजी : ५० प्रश्न, २०० मार्क, आणि मराठी मिडियमचा पोरगा. नागपूरकरांनो मदत करा

झिरो_माईल (रविवार, रात्री १०.४२)

नमस्कार मंडळी, मी बारावीत आहे, नागपूरच्या महाल भागात राहतो, दहावीपर्यंत पूर्ण मराठी मिडियम. एप्रिलमध्ये एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाचा पेपर द्यायचा आहे. गणिताची भीती नाही, ते होऊन जाते, पण इंग्रजीनं झोप उडवली आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते, गणिताचा पेपर ३०० चा आणि जनरल ॲबिलिटीचा ६०० चा, मिळून ९००, आणि त्या सहाशेतले २०० मार्क नुसत्या इंग्रजीचे. ५० प्रश्न, बरोबरला ४, चुकलं की १.३३ कटतात.

आज घरीच घड्याळ लावून एक जुना पेपर सोडवला. ४६ प्रश्न सोडवले, २४ बरोबर आले, २२ चुकले. हिशोब केला तं ९६ मधून २९ गेले, हातात राहिले ६७. सगळ्यात जास्त मार स्पॉटिंग एररमध्ये बसला, ९ प्रश्न तिथंच गेले. एका वाक्याचे तीन तुकडे असतात, ए बी सी, चूक कोणत्या तुकड्यात ते ओळखायचं, आणि डी म्हणजे नो एरर. मला तं सगळंच नो एरर वाटते. वाक्य वाचतो, कानाला बरोबर लागते, डी काळं करतो, आणि चुकते.

एका क्लासमध्ये दोन महिने जाऊन पाहिलं, तिथं तीनशे नियमांचं झेरॉक्सचं बंडल दिलं आणि पाठ करा म्हटलं. १४० पर्यंत पाठ केले, खरंच केले, पण पेपरात वाक्य समोर आलं की कोणता नियम लावायचा तेच आठवत नाही. बाबा ऑटो चालवतात, ती फी पुन्हा भरा म्हणणं माझ्याच्यानं होणार नाही. घरी बसून प्रॅक्टिस कशी करू ते सांगा. ग्रामरची पुस्तकं आहेत, जुने पेपर यूपीएससीच्या साईटवर फुकट मिळतात ते प्रिंट काढून ठेवले आहेत. पद्धत नाही सापडून राहिली.

तर्री_पोहे (रविवार, रात्री ११.१५)

भाऊ, उरलेले १६० नियम पण पाठ कर. दुसरा रस्ता नाही. मी एसएससीची (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शनची) तयारी केली तेव्हा रोज २० नियम आणि ५० प्रश्न, चार महिने. कंटाळा येतो पण होते. आणि आंधळा बाण मारू नको. चारातून एक डोळे मिटून मारला तं सरासरी शून्य पडते, चारदा मारले तं एक बरोबर ४ चा, तीन चुकीचे मिळून ४ गेले. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे माहीत असेल तं मारायचा, तिथं हिशोब आपल्या बाजूनं झुकते.

ॲक्वा_लाईन (रविवार, रात्री ११.३८)

माझं मत वेगळं. मराठी डोक्यातून काढून टाक, इंग्रजीतच विचार करायला शीक. मी लोकमान्य नगरहून बर्डीपर्यंत रोज मेट्रोनं जातो, तेवढ्या वेळात इंग्रजी पेपरचं एक संपादकीय वाचून होते. दोन वर्षांत चुकीचं वाक्य कानाला टोचायला लागलं, नियम एकही माहीत नाही. शब्दही त्यातूनच वाढले, सिनोनिम अँटोनिमसाठी वेगळी यादी करावी लागली नाही.

झिरो_माईल (सोमवार, सकाळी ७.०५)

ॲक्वा दादा, दोन वर्षं नाहीत माझ्याकडे, पाच महिने आहेत. इंग्रजीत विचार कर म्हणता पण विचार आधी मराठीतच येऊन जातो, त्याला थांबवू कसा?

नंदनवन_शिकवणी (सोमवार, दुपारी ३.२०)

बाळा, थांबवू नकोस. मी एकवीस वर्षं नंदनवनात मराठी मिडियमच्या मुलांना इंग्रजी शिकवते आहे, आणि माझं म्हणणं या दोघांपेक्षा जरा वेगळं आहे म्हणून सविस्तर लिहिते, वेळ काढून वाच.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा फळ्याकडे बघून मला म्हणाला, "मॅडम, आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग." मी स्टेटिव्ह व्हर्बचा, म्हणजे स्थिती सांगणाऱ्या क्रियापदाला आयएनजी लागत नाही हा नियम सांगितला, त्यानं लिहून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मग मी त्याला विचारलं, हेच तू घरी आईला कसं सांगशील? तो पटकन म्हणाला, "मला समजून नाही राहिलं." आणि मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. आपण नागपूरकर सगळंच "राहिलो"मध्ये बोलतो ना. जेवून राहिलो, जाऊन राहिलो, तसंच समजून राहिलं, आवडून राहिलं, वाटून राहिलं. पुण्याचं पोर "मला समजत नाही" म्हणते, त्याला ही चूक करायला एवढं कारण नाही. आपल्या पोराची जीभ "राहिलो"चं "आयएनजी" करते. चूक इंग्रजीच्या अज्ञानातून आलेली नव्हती, ती त्याच्या चांगल्या, रोजच्या, बिनचूक मराठीतून आली होती.

तेव्हापासून मी नियमांची यादी देणं सोडलं. वही अशी करायला लावते, शंभर पानी साधी वही, पानावर तीन उभे रकाने. पहिल्यात तू काय निवडलं, दुसऱ्यात काय पाहिजे होतं, आणि तिसऱ्यात हेच मी मराठीत कसं बोललो असतो. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, तो कधी रिकामा सोडायचा नाही. पंधरा दिवसांत तुला दिसेल की तुझ्या चुका तीनशे प्रकारच्या नाहीत, पंधरा-वीसच प्रकारच्या आहेत आणि त्याच त्याच येतात.

आता तू मला तुझ्या त्या नऊ चुका लिहून पाठव. पर्यायासकट.

झिरो_माईल (सोमवार, रात्री ९.५०)

मॅडम, खूप आभार. तुमचं वाचून अंगावर काटा आला कारण मी वर "सापडून राहिली" लिहिलं आहे.

पेपरातली वाक्यं जशीच्या तशी नाही लिहीत, लांब आहेत, पण चूक तीच ठेवून छोटी करतो. "ही इज नोइंग मी सिन्स फाइव्ह इयर्स" मला बरोबर वाटलं होतं. "वन ऑफ माय फ्रेंड, लिव्हिंग इन कामठी, इज प्रिपेअरिंग फॉर द एनडीए" यात नो एरर केलं. "आय आस्क्ड हिम व्हेअर डिड ही लिव्ह" नो एरर. "इफ इट विल रेन, वुई शॅल नॉट गो" नो एरर. "दो ही वॉज टायर्ड बट ही केप्ट वॉकिंग" नो एरर. "ही इज सीनियर दॅन मी" नो एरर. "वुई डिस्कस्ड अबाउट द मॅच" नो एरर. "आय हॅव मेट हिम यस्टरडे" पण. आणि नववं, "द क्वालिटी ऑफ द ऑरेंजेस आर गुड", इथं मी चूक वेगळ्याच तुकड्यात दाखवली.

नंदनवन_शिकवणी (मंगळवार, दुपारी २.४५)

छान केलंस. आता तिसरा रकाना भरू या.

"पाच वर्षांपासून" आणि "२०२० पासून", मराठीत दोन्हीकडे एकच "पासून" आहे की नाही? इंग्रजीनं त्याचे दोन केले आहेत. कधीपासून ते सांगायचं, म्हणजे तारीख, वार, वर्ष, सकाळ, तिथं "सिन्स". किती काळ ते मोजायचं, म्हणजे दोन तास, पाच वर्षं, तिथं "फॉर". आणि "मी सकाळपासून वाट पाहून राहिलो" याचं आपलं पोरगं "आय ॲम वेटिंग सिन्स मॉर्निंग" करते. अर्धं बरोबर आहे बघ, "राहिलो"नं तुला "वेटिंग"पर्यंत आणून सोडलं, फक्त तिथं "हॅव बीन" पाहिजे, कारण वाट बघणं आधी सुरू झालं आणि आत्तापर्यंत चालू आहे. "नो"ला मात्र आयएनजी लागतच नाही, म्हणून "ही हॅज नोन मी फॉर फाइव्ह इयर्स". माहीत असणं हे काम नाही, ती स्थिती आहे. हीच कसोटी "हॅव"ला लाव. "आय ॲम हॅविंग लंच" चालते कारण जेवणं हे काम आहे, "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" चालत नाही, भाऊ असणं हे काही तू करत नाहीस.

"माझा एक मित्र" म्हणतो आपण, मित्र एकच, म्हणून "वन ऑफ माय फ्रेंड" कानाला गोड लागते. पण इंग्रजी म्हणते "माझ्या मित्रांपैकी एक". "पैकी" डोक्यात आणलं की "मित्रां" आपोआप येते, आणि "फ्रेंड"ला एस लागतो.

"मी त्याला विचारलं की तू कुठे राहतोस." बघ, "की"च्या पुढं आपण प्रश्न जसाच्या तसा ठेवतो, काळही बदलत नाही. इंग्रजीत "आस्क्ड"च्या पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही, साधं वाक्य होतं, "व्हेअर ही लिव्ह्ड". "डिड" निघून जातो.

"पाऊस येईल तर आपण जाणार नाही", "तू पोचशील तेव्हा फोन कर", आपण दोन्हीकडे भविष्यकाळ वापरतो आणि मराठीत ते अगदी बरोबर आहे. इंग्रजी "इफ" आणि "व्हेन"च्या तुकड्यात, जिथं वेळ किंवा अट सांगितली आहे तिथं, "विल" घेत नाही. "इफ इट रेन्स", "व्हेन यू रीच". "जरी थकला तरी चालत राहिला", आपल्याला "जरी"सोबत "तरी" लागतेच, जोडी आहे ती, म्हणून "दो"सोबत "बट" येऊन बसते. इंग्रजीला दोघांतला एकच पुरतो.

"माझ्यापेक्षा सीनियर", तिथं "पेक्षा"नं घात केला. "पेक्षा" म्हणजे "दॅन" हे पाचवीपासून घोकलं आहे ना. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर हे शब्द लॅटिनमधून आलेले, यांच्यापुढं "टू" येते. "प्रिफर" पण त्यांच्यातलाच, चहापेक्षा कॉफी असं म्हणायचं असेल तरी "प्रिफर कॉफी टू टी".

"काल भेटलोय मी त्याला", आपण म्हणतो. इंग्रजीत "हॅव"वालं वाक्य "काल", "परवा", "२०१९ मध्ये" असा ठरलेला वेळ सहन करत नाही. "यस्टरडे" दिसलं की साधा भूतकाळ, "आय मेट हिम यस्टरडे".

संत्र्यांचं उद्या लिहिते. ते मला सगळ्यात आवडतं, घाईत नाही लिहायचं.

ॲक्वा_लाईन (मंगळवार, रात्री ८.१०)

मॅडम, वाचायला चांगलं वाटते पण यातून तं मुलगा आणखीच भाषांतर करत बसेल. १५० मिनिटांत १५० प्रश्न, एका प्रश्नाला एक मिनिट, त्यात मराठी कधी आठवायची?

नंदनवन_शिकवणी (मंगळवार, रात्री १०.०२)

दादा, तुमची शंका रास्त आहे. मराठीवरून इंग्रजी वाक्य बनवायचं असं मी सांगतच नाहीये. वही घरी भरायची. एकदा का कळलं की "पासून" इथं मला फसवते, की पेपरात "सिन्स" दिसल्यावर डोळा आपोआप थांबतो, तिथं भाषांतर करावं लागत नाही. तुमचा कान दोन वर्षांच्या वाचनानं तयार झाला, ते उत्तमच आहे आणि त्यानं वाचन सोडू नये. पण ज्याच्या कानात सोळा वर्षं फक्त मराठी आहे त्याला "कानाला काय बरोबर लागते ते निवड" सांगणं म्हणजे त्याला नेमकं चुकीकडे पाठवणं आहे. त्याचा कान बरोबरच ऐकतो, फक्त मराठी ऐकतो.

कामठी_छावणी (मंगळवार, रात्री १०.३०)

फौजेतून रिटायर होऊन कामठीत स्थायिक आहे. मॅडमचं पटलं. "डिस्कस्ड अबाउट" राहिलं म्हणून मी भर घालतो. आपल्याला "च्याबद्दल चर्चा" लागते म्हणून "अबाउट" येते. "खोलीत शिरला" म्हणून "एंटर्ड इनटू द रूम", नुसतं "एंटर्ड द रूम" पाहिजे. "स्टेशनला पोचलो" म्हणून "रीच्ड टू". "परत दिलं" म्हणून "रिटर्न्ड बॅक", अरे "रिटर्न"मध्येच परत आहे. "तिच्याशी लग्न" म्हणून "मॅरीड विथ", "टू" पाहिजे. "आज सकाळी" म्हणून "टुडे मॉर्निंग", "काल रात्री" म्हणून "यस्टरडे नाईट", इंग्रजीत "धिस मॉर्निंग" आणि "लास्ट नाईट". एका चुकीमागं मराठी नाही, "डिस्पाइट ऑफ", ती "इन स्पाइट ऑफ"च्या संगतीनं होते.

आणि बेटा, ओएमआर, म्हणजे गोल भरायची उत्तरपत्रिका, काळ्या बॉल पेननं भरावी लागते, खोडता येत नाही. घरी सराव करताना पण काळ्या पेननंच गोल भर, पेन्सिलीची सवय लावू नको.

निळं_आभाळ (बुधवार, सकाळी ६.५०)

मी मुलगी आहे आणि एनडीएची लेखी निघाली आहे म्हणून लिहिते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा मुलींना ही परीक्षा देता आली, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर, तेव्हा मी शाळेत होते आणि बातमी ऐकून त्याच दिवशी ठरवलं होतं.

वेळेचं सांगते. जनरल ॲबिलिटीत इंग्रजी आधी घ्यायची आणि ३५ मिनिटांत उठायचं, कारण पुढं १०० प्रश्न फिजिक्स, केमिस्ट्री, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी असे आहेत, ते वेळ खातात. ३५ मिनिटांत ५० होण्यासाठी शब्दांचे प्रश्न पटापट उरकायचे, येते तं येते नाही तं पुढं, वाचलेला वेळ उतारा आणि वाक्यांची जुळवाजुळव यांना द्यायचा. पी क्यू आर एस वाल्या, म्हणजे तुकडे बरोबर क्रमानं लावायच्या प्रश्नात सुरुवात शोधू नको, जोडी शोध. "ही", "दिस", "सच" असे शब्द ज्या तुकड्यात आहेत त्याच्या आधी त्या माणसाचं किंवा गोष्टीचं नाव आलेलं असलंच पाहिजे. एक पक्की जोडी सापडली की चारपैकी दोन-तीन पर्याय तिथंच मरतात.

आणि इंग्रजी लेखीपुरती आहे असं समजू नकोस. एसएसबीसाठी, म्हणजे लेखीनंतरच्या मुलाखतीसाठी, मी भोपाळला गेले होते, पाच दिवस असतात, तिथं "मायसेल्फ" म्हणून नाव सांगणारी अर्धी मुलं होती, मी पण त्यातलीच. "मी स्वतः" डोक्यात असते ना. "आय ॲम" एवढंच पाहिजे. तिथून आल्यावर मी पण चुकांची वही सुरू केली, फक्त तिसरा रकाना माझ्याकडे नव्हता, मॅडम, आजपासून काढते.

नंदनवन_शिकवणी (बुधवार, दुपारी ३.०५)

बेटा, तुझी लेखी निघाली वाचून मला फार आनंद झाला.

आता संत्री. "द क्वालिटी ऑफ द ऑरेंजेस आर गुड". इथं मराठी तुला फसवत नव्हती, इथं ती वाचवायला उभी होती आणि तू तिला विचारलंच नाहीस. कळमना मार्केटमध्ये उभा राहून तू काय म्हणशील? "संत्र्यांचा दर्जा चांगला आहे." कोणी "संत्र्यांचा दर्जा चांगली आहेत" म्हणेल का? तिसरीतलं पोर पण नाही म्हणणार. मराठीत क्रियापदाला लिंग आणि वचन दोन्ही पाळावे लागतात, म्हणून कर्ता कोण हे आपल्याला जन्मापासून कळते. इंग्रजी वाचताना मात्र आपण क्रियापदाच्या शेजारी जो शब्द बसला आहे त्यालाच कर्ता समजतो, "ऑरेंजेस" शेजारी आहे म्हणून "आर". पेपर काढणारा मुद्दाम लांबलचक वाक्य घेतो, कर्ता एका टोकाला, क्रियापद दुसऱ्या टोकाला, मध्ये चार अनेकवचनं पेरतो. तिथं वाक्य मनात मराठीत कर आणि "चा-ची-चे" कोणाला लागलं ते बघ, ज्याला लागलं तो मालक नव्हे, त्याच्या पुढचा मालक.

"सर मुलांसोबत आले", मराठीत "आले" हे सरांसाठी आहे, मुलं दहा असोत की शंभर. म्हणून "द टीचर, अलाँग विथ द स्टुडंट्स, हॅज कम". "विद्यार्थ्यांची संख्या वाढली आहे", वाढली कोण, संख्या. म्हणून "द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज". पण "अनेक विद्यार्थी आले आहेत" तिथं "अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव". "द" आणि "अ"चा तो फरक मुलं वर्षभर घोकतात, मराठीत एका क्षणात दिसतो. आणखी एक जे भल्याभल्यांचं चुकते, "ही इज वन ऑफ द बॉईज हू हॅव पास्ड". "हॅज" की "हॅव"? "ज्या मुलांनी परीक्षा पास केली त्यांच्यापैकी तो एक." "ज्या मुलांनी", अनेकवचन, संपला प्रश्न.

म्हणून वहीत दोन रंगाचे पेन वापर. मराठीनं फसवलं तिथं लाल, मराठीनं वाचवलं असतं तिथं हिरवं. हिरवी पानं वाचताना तुला हिंमत येईल, आणि ती परीक्षेच्या आदल्या रात्री लागते.

मानेवाडा_बाबा (बुधवार, रात्री ९.१५)

माझी मुलगी दहावीत आहे, तिच्यासाठी हा धागा वाचून राहिलो. मॅडम, अ, ॲन, द याचं काय करायचं? मराठीत तं असं काही नाहीच, मग तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं?

नंदनवन_शिकवणी (गुरुवार, दुपारी २.३०)

भाऊ, "द"ला सोपा रस्ता नाही, ते वाचूनच अंगी लागते. ढोबळ आधार एवढाच की जिथं मराठीत "तो", "ती", "ते" घातलं तरी वाक्य बिघडत नाही, ऐकणाऱ्याला कोणता ते आधीच ठाऊक आहे, तिथं बहुतेक "द" येते.

पण अ आणि ॲन यात आपली देवनागरी फार कामाची आहे. मुलं स्पेलिंग बघतात आणि फसतात, कारण नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. शब्द देवनागरीत लिहून बघायचा. "अवर" स्वरानं सुरू, ॲन. "ऑनेस्ट" ॲन. "युनिव्हर्सिटी" य नं सुरू, म्हणून अ. "वन रुपी नोट" व नं सुरू, अ. "एमएलए", "एक्स-रे", "एनडीए कॅडेट" सगळ्यांना ॲन. इंग्रजी मिडियमच्या मुलांना यासाठी थांबून उच्चार करून बघावा लागतो, आपल्याला लिपीच दाखवून देते. एकच ठिकाणी सांभाळायचं, वर्षासाठीचा शब्द आपण "इयर" लिहितो पण इंग्रजीत त्याचा उच्चार य पासून होतो, म्हणून "अ इयर", ॲन नाही.

तर्री_पोहे (गुरुवार, रात्री ११.००)

मॅडम, मी वर नियम पाठ कर म्हटलं होतं, ते पूर्ण चूक नव्हतं अजूनही वाटते. "हार्डली"च्या मागं "व्हेन" आणि "नो सूनर"च्या मागं "दॅन", हे मराठीतून कसं काढाल? "मी पोचतो न पोचतो तोच गाडी सुटली", मराठीत दोन्हीला "तोच". हे पाठच करावं लागते.

नंदनवन_शिकवणी (शुक्रवार, दुपारी ३.४०)

हाव, बरोबर आहे तुमचं. काही गोष्टी पाठच कराव्या लागतात, वाक्प्रचार तर सगळेच. पण "सूनर"च्या शेपटीकडे बघा, "टॉलर", "बिगर"सारखी तुलनेची शेपटी आहे, तुलना आली की "दॅन" येणारच. एवढं सांगितल्यावर माझ्या मुलांनी ती जोडी परत चुकवली नाही. मराठीत कारण नसेल तर इंग्रजीत शोधायचं, तिथंही नसेल तर मग पाठ करायचं. तुमच्या तीनशेतले पन्नास-साठ तसे उरतील.

निळं_आभाळ (शनिवार, सकाळी ७.१५)

माझ्या वहीतून दोन लाल देते सगळ्यांसाठी. "माझे केस गळून राहिले", केस अनेकवचन, म्हणून मी "हेअर्स आर" केलं होतं. डोक्यावरच्या सगळ्या केसांना मिळून "हेअर इज". आणि "मला त्यानं खूप सल्ले दिले", म्हणून "ॲडव्हायसेस". इंग्रजीत सल्ला मोजता येत नाही. याच्या उलट "माहिती"चं मराठीतच कोणी "माहित्या" करत नाही, म्हणून "इन्फॉर्मेशन"ला मी कधीच एस लावला नाही. ते हिरव्यात गेलं. कात्री आणि चष्मा पण बघा, आपल्याकडे एक, इंग्रजीत "सिझर्स आर", "स्पेक्टॅकल्स आर".

झिरो_माईल (पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.२०)

मंडळी, मधले दिवस काही लिहिलं नाही कारण वहीच भरून राहिलो होतो. ६४ पानं झाली. लाल जास्त आहे, पण हिरवी पण १९ निघाली.

आज दुसरा जुना पेपर लावला, काळ्या पेननं, ३५ मिनिटांचा अलार्म लावून. ४० सोडवले, २८ बरोबर, १२ चूक. ९६ मार्क. १० सोडून दिले, तर्री दादांचा हिशोब डोक्यात ठेवून, जिथं एकही पर्याय खोडता येत नव्हता तिथं हात लावला नाही. स्पॉटिंग एररमध्ये या वेळी दोनच चुकले, त्यातला एक परत "सिन्स"चाच, पण यात ते "कारण" या अर्थानं आलं होतं आणि मी उगाच "फॉर" शोधत बसलो. शब्दांचे अजून चुकतात, ॲक्वा दादा, म्हणून आता अभ्यासिकेत इंग्रजी पेपर येतो तो सकाळी सगळ्यात आधी मी घेतो. उताऱ्यांत वेळ जातो.

वहीचं आणखी एक झालं. मी रात्री तिसरा रकाना भरताना मोठ्यानं बोलतो तं आई ऐकते. ती सातवी शिकली आहे. परवा मी "विद्यार्थ्यांची संख्या" अडकून बसलो होतो, ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "संख्या वाढली, विद्यार्थी कुठं वाढले?" आणि मला उत्तर सापडलं. आता रोज एक वाक्य तिला विचारतो.

मॅडम, आज तिनं उलटा प्रश्न टाकला. ती म्हणाली, "मला तुझी काळजी वाटून राहिली", हे इंग्रजीत कसं म्हणायचं? "वाटून राहिली" आहे, म्हणजे लाल पेनचं, आयएनजी नको. पण "आय वरी यू" लिहिलं तं ते पण बरोबर दिसत नाही. काय पाहिजे?

नंदनवन_शिकवणी (सोमवार, दुपारी २.१०)

"आय वरी यू" चूकच, त्याचा अर्थ मी तुला काळजीत टाकते असा होतो, आईच्या वाक्याच्या अगदी उलट. इंग्रजीत तिथं "आय ॲम वरीड अबाउट यू". "वरीड" इथं विशेषण आहे, "हॅपी", "टायर्ड"सारखं, म्हणून आयएनजीचा प्रश्नच येत नाही. आणि "अबाउट"कडे लक्ष दे. "डिस्कस"ला तो नको होता आणि आपण मराठीतल्या "बद्दल"मुळं घालत होतो. इथं मराठीत "तुझी काळजी" एवढंच आहे, "बद्दल" कुठंच नाही, म्हणून आपण गाळतो, आणि इंग्रजीला तो हवाच असतो. दोन्ही वाक्यं एकाच पानावर समोरासमोर लिही. आईला माझा नमस्कार सांग, आणि हे वाक्य तिच्याकडून एकदा मोठ्यानं म्हणून घे.